सुकण्यासाठी मागवलेलं जंगल

कुंडीबाईंना झाडं आवडतात की नाही, हे कोणालाच नीट सांगता येत नसे. माणसं आवडत नाहीत, हे मात्र त्यांच्याशी घटकाभर बोललेला कोणीही सांगू शकत असे.

त्या कचेऱ्यांना, दवाखान्यांना आणि हॉटेलांना कुंड्या भाड्याने देत. हा धंदा त्यांना सुचला तोही माणसांची कीव येऊनच. तरुणपणी त्या एका विमा कचेरीत टायपिस्ट होत्या. साहेबांच्या दाराशी एक रबराचं झाड होतं. त्याच्या मातीत लोक उरलेला चहा ओतत, पेन्सिलींची टोकं खुपसत, आणि येता-जाता म्हणत, "ह्या झाडामुळे कसं प्रसन्न वाटतं, नाही?" झाड केव्हाच मेलं होतं. एक दिवस कुंडीबाईंनी ते उचलून घरी नेलं आणि तिथे तेवढंच उंच, पण जिवंत झाड आणून ठेवलं. कचेरीतल्या एकाही माणसाच्या लक्षात आलं नाही. लोकांना झाड नको असतं, कोपऱ्यात हिरवा रंग हवा असतो, हे त्यांना त्या दिवशी कळलं. महिन्याभरात त्यांनी टाइपरायटरवर झाकण घातलं ते कायमचं.

पुढे नवरा लवकर गेला, आणि धाकटे दीर टेंपो घेऊन मदतीला आले. आठवड्याच्या सुट्टीला, कचेऱ्या बंद असताना, दोघं फेरीला निघत. कोमेजलेली कुंडी उचलायची, तिथे टवटवीत ठेवायची, ओल्या फडक्याने पानं पुसायची आणि निघायचं. उचललेली झाडं रोपवाटिकेत हिरव्या जाळीखाली जात. त्या जागेला घरात दवाखाना म्हणत. तिथे जी सावरत ती पुन्हा कामावर रुजू होत, सावरत नसत ती भिंतीमागच्या ढिगावर जात. धंद्याचा नियम एकच होता: गिऱ्हाइकाला पिवळं पान दिसता कामा नये.

"वहिनी, आपण झाडं विकतो की डोळ्यांत धूळ फेकतो?" दीर एकदा म्हणाले होते.

"आधीच आंधळे आहेत ते, भावजी. धूळ कशाला वाया घालवायची?"

मुलगी मोठी झाली की हा पसारा सांभाळेल, हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, इतकं ते त्यांच्या मनात ठरलेलं होतं. मुलीने कलाशाळेत नाव घातलं. "चार दिवस रंगात हात बुडवेल आणि येईल," त्या दिरांना म्हणाल्या. ती आली नाही. ती एका कलाकाराकडे नोकरीला लागली, आणि हा कलाकार चित्रं काढत नव्हता की मूर्तीही घडवत नव्हता. तो खोल्या करायचा. अंधाऱ्या खोलीत धुकं सोडायचं, दिव्यांचे रंग बदलत ठेवायचे, कुठून तरी पाणी ठिबकल्याचा आवाज काढायचा, आणि लोकांनी त्यात अनवाणी फिरून निसर्गाबद्दल गंभीर व्हायचं. कुंडीबाईंनी त्याचं नाव धुकेश्वर ठेवलं.

"आई, त्यांना सर म्हणतात."

"तुझे सर असतील. माझं तर ते गिऱ्हाईकसुद्धा नाही."

ते गिऱ्हाईकही झालं. मुलीनेच ऑर्डर आणली. गावाबाहेरच्या जुन्या गोदामात धुकेश्वर जंगल उभं करणार होता, त्यासाठी त्याला भरपूर मोठी झाडं हवी होती. "तू फक्त आणून दे," मुलगी म्हणाली. "नंतर पाणी घालायला, बघायला येऊ नकोस. सगळं आम्ही बघू."

कुंडीबाई मनातल्या मनात हसल्या. सगळं आम्ही बघू, हे प्रत्येक गिऱ्हाईक म्हणतं. म्हणतं आणि एअरकंडिशनरच्या तोंडाशी नेचे ठेवतं.

उद्घाटनाला त्या गेल्या, त्या नावं ठेवायलाच. पृथ्वी तापते आहे हे सांगण्यासाठी धुकेश्वराने इतके दिवे लावले होते की मागचा जनरेटर दिवसभर धापा टाकत होता. खर्च थंड हवेची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीने केला होता, तिचं नाव दाराशी भल्यामोठ्या अक्षरांत झळकत होतं. आत माणसं चटयांवर उताणी पडून हुंकार देत होती. एक बाई डोळे मिटून कुंडीबाईंच्याच क्रोटनला कुरवाळत होती. घरी तिने एक तुळसदेखील जगवली नसेल, हे तिच्या नखांवरून दिसत होतं.

मग आतला उजेड बदलला. पहाट व्हावी तसा तो जमिनीलगत पसरला, झाडांमधून वर चढला, आणि समोरच्या भिंतीवर एका पामची सावली छतापर्यंत गेली. कुंडीबाई थबकल्या. हा पाम त्यांचाच होता. दातांच्या डॉक्टरकडे तो वर्षानुवर्षं मासिकांच्या टेबलामागे उभा होता. एवढा मोठा, एवढा शांत तो त्यांना कधी दिसला नव्हता. आपण चक्क उभ्या राहून बघतो आहोत हे लक्षात येताच त्यांना स्वतःचाच राग आला, आणि पायांत चपला सरकवून त्या बाहेर पडल्या.

उद्घाटनानंतर धुकेश्वर मुलीवर सगळं सोपवून परदेशी निघून गेला. पुढची सुट्टी आली तशा कुंडीबाई फेरीला निघाल्या, आणि सवयीने टेंपो गोदामाकडेही वळला. झाडांच्या बाईला कुठलाही पहारेकरी अडवत नाही, ह्यानेही कुलूप उघडून दिलं. आत जाऊन त्यांनी कपाळावर हात मारला. नेच्यांची टोकं करपली होती. मातीत बोट घातलं तर मऊ भुकटी लागली. पामचे झुपके खाली लोंबत होते. वरचे दिवे उद्घाटनाच्या दिवसापेक्षा कितीतरी जवळ आणि कितीतरी पांढरे झाले होते.

"बघा," त्या दिरांना म्हणाल्या. "हे म्हणे निसर्ग वाचवणार. ह्यांच्या हाती माठ दिला तर तोही तहानेने मरेल."

"पोरीला विचारायचं का?"

"तिला काय विचारायचं? बोलणी तिलाच बसायची. उचला."

एक झाड तसं दुसरं, एक उंची तशी दुसरी, असं जुळवत त्यांनी सगळं जंगल बदललं. असं चोख काम खूप दिवसांत झालं नव्हतं. परतताना त्या चक्क गुणगुणत होत्या.

दुसऱ्या दिवशी मुलगी रोपवाटिकेत आली, ती दार आपटूनच.

"आई, झाडं तू बदललीस?"

"मग काय मेलेली ठेवू? माझं नाव आहे त्या धंद्यावर."

"ती मरायलाच ठेवली होती!"

कुंडीबाईंच्या हातातलं फडकं हातातच राहिलं.

मुलीने खाली मान घालून सांगितलं. दर आठवड्याला दिवे खाली आणायचे, पाणी कमी करायचं. रोज एक फोटो घ्यायचा आणि भिंतीवर कालच्या फोटोशेजारी दाखवायचा. शेवटी लोक एका वाळक्या जंगलात उभे राहतील, हेच ते काम. "तुला सांगितलं असतं तर तू एक कुंडीसुद्धा दिली नसतीस."

"नसतीच दिली! झाडं मरतात हे सांगायला झाडं मारायची? उद्या पुराबद्दल सांगायचं झालं तर तुझा धुकेश्वर माणसं बुडवेल का?"

"आणि आपण काय करतो गं?" मुलीचा आवाज चढला. "भिंतीमागच्या त्या ढिगावर खेळत मी मोठी झालेय. एवढी झाडं मेली आपली. कधी कोणाला दाखवलास तो ढीग? सर निदान दाखवतात तरी."

कुंडीबाईंनी फडकं पिळलं आणि पुढच्या कुंडीची पानं पुसायला घेतली.

इकडे गोदामात वेगळीच मजा झाली. भिंतीवरच्या फोटोंत जंगल कोमेजत कोमेजत गेलं आणि एका सकाळी एकदम हिरवंगार झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काहींच्या डोळ्यांत पाणी आलं. एका वर्तमानपत्राच्या कलासमीक्षकाने लिहिलं की, निसर्गाला थोडी उसंत दिली तर तो स्वतःच सावरतो, हा धीर देणारा संदेश कलाकाराने विलक्षण संयमाने दिला आहे. थंड हवेच्या यंत्रांच्या कंपनीने लगेच अभिनंदनाचा फोन केला. कुंडीबाईंनी तो लेख दिरांकडून मोठ्याने वाचून घेतला. विमा कचेरीतल्या लोकांची पुढची पिढी शिकून समीक्षक झाली, एवढाच त्याचा अर्थ त्यांनी काढला.

धुकेश्वर मात्र तो लेख वाचून मिळेल त्या विमानाने परतला. पुढे काय झालं ते मुलीने घरी सांगितलंच नाही. दिरांना ते पहारेकऱ्याकडून कळलं.

"वहिनी, तो म्हणे नुसता थयथयाट करत होता. मी कोणालाही आशा दिलेली नाही, असं ओरडत होता. झाडं कोणी बदलली म्हणून विचारलं, तर आपली पोरगी म्हणाली, मी."

"तिने माझं नाव नाही सांगितलं?"

"नाही ना. आता परवा बाहेरगावचं कुठलं तरी मंडळ येणार आहे. त्यांना पसंत पडलं तर प्रदर्शन वर्षभर गावोगाव फिरणार, आणि पोरगी त्याच्याबरोबर. पण तोवर सुकलेलं जंगल जागेवर आलं पाहिजे. नाही आलं तर हिला नारळ."

दिरांनी वहिनींकडे पाहिलं आणि जरा चाचरत म्हणाले, "तसं बघितलं तर... आपण काहीच केलं नाही, तरी पोरगी घरी येते."

हे कुंडीबाईंच्याही मनात आधीच आलं होतं. कधीपासून वाट पाहत होत्या त्या. काही करायचं नव्हतं, फक्त गप्प बसायचं होतं. मुलगी परत येईल, दवाखान्याची जाळी बदलेल, नव्या कचेऱ्या धरेल. वर्षभर ती कुठल्या गावात काय खाते, कोणत्या गोदामात त्या धुक्याच्या यंत्रांशेजारी उभी आहे, ह्याचा घोर लागणार नाही. त्या दवाखान्यात जाऊन उभ्या राहिल्या. गोदामातून आणलेली झाडं पाणी पिऊन मान वर करू लागली होती. दातांच्या डॉक्टरकडच्या पामने मधोमध एक नवा, अजून मिटलेला कोंब काढला होता. ही झाडं पुन्हा त्या दिव्यांखाली पाठवणं त्यांच्याने होणार नव्हतं. आणि आईवर आळ येऊ नये म्हणून स्वतः खोटं बोललेली मुलगी तोंड पाडून घरी आलेली बघणंही होणार नव्हतं. अशी घरी आलेली मुलगी घरात असते एवढंच, हे त्यांना कळत होतं. तीही कोपऱ्यातला हिरवा रंग झाली असती.

"भावजी, टेंपो काढा."

"ह्या कुंड्या न्यायच्या?"

"ह्यांना हात लावाल तर याद राखा. मागच्या ढिगाकडे चला."

दुपारभर त्या ढिगावर वाकून निवडत होत्या. आजवर जे कोणाच्या नजरेस पडू दिलं नव्हतं ते एकेक उचलून त्या बाजूला ठेवत होत्या: नुकती मान टाकलेली, निम्मी वाळलेली, पानं कडक होऊन वाजायला लागलेली, नुसता दांडा उरलेली. गोदामाशी पोचले तेव्हा बाहेर प्रेक्षकांची रांग होती, आणि रांगेत त्यांची दोन जुनी गिऱ्हाइकं. टेंपोवर रोपवाटिकेचं नाव रंगवलेलं. कुंडीबाईंनी ड्रसीनाचं मेलेलं झाड कडेवर घेतलं आणि त्या पुढच्या दारानेच आत गेल्या.

धुकेश्वर धावत आला. लांबलचक बोटं, सुकलेला चेहरा.

"काकू, हे काय?"

"मी तुमची काकू नाही. झाडं मी बदलली होती. माझ्या मुलीला ह्यातलं काही माहीत नव्हतं. तुमची ती झाडं मिळणार नाहीत, ती आता बरी होताहेत. ही घ्या. ही आधीच मेलेली आहेत, तुम्हाला पुन्हा मारायचे कष्ट नकोत."

माफी म्हणून एवढंच त्या बोलल्या. धुकेश्वराने एकेक कुंडी दिव्याखाली ठेवून पाहिली. वाळक्या पानांच्या जाळीदार सावल्या भिंतीवर पसरल्या. त्याचे डोळे चमकायला लागले.

"हे तर त्याहून सुंदर आहे! एकाच वेळी मरणाच्या सगळ्या पायऱ्या! तुमच्याकडे अशी आणखी असतील? खाली तुमच्या रोपवाटिकेचं नाव लिहू आपण."

"नाव लिहाल तर कोर्टात खेचीन," कुंडीबाई म्हणाल्या. "धंदा बसेल माझा."

रांगेतल्या एका गिऱ्हाइकाने तोवर टेंपोपाशी दिरांना गाठलं होतंच. आमच्या कचेरीतली झाडं अशीच कुठून तरी येतात का हो, असं तो विचारत होता, आणि दीर आकाशाकडे बघत होते. कुंडीबाईंनी तिकडे दुर्लक्ष केलं.

मंडळ आलं, हळहळलं, आणि वर्षभराची गावं ठरवून गेलं. मुलगी सामान बांधायला घरी आली तेव्हा आईच्या आजूबाजूला घोटाळत राहिली.

"आई, तू गप्प बसली असतीस तर मी आले असते परत. तुला कळलं नव्हतं का?"

"मला काय कळतं? मी कुंड्या पुसणारी बाई."

"आई..."

"तुझ्या धुकेश्वराला खरं फूल आणि कागदाचं फूल ओळखू येत नाही, आणि निघालाय जगाला शहाणं करायला. जा त्याच्याबरोबर. दोन वेळा जेवत जा. आणि एक नीट ऐक." त्यांनी मुलीच्या बॅगेची चेन जोर लावून ओढून दिली. "डाव्या भिंतीशी ठेवलाय ना, तो ढिगावरचा उंच पाम. त्याला कोणी दया येऊन चुकूनही पाणी घालू नये, ह्यावर लक्ष ठेव. चिवट जात आहे ती. जगेल, आणि तुझी नोकरी जाईल."