आवाजासाठी सहा खांब

बाबांवर मी आयुष्यात एकदाच खेकसलो. ऑफिसातून डोकं पिकवून आलो होतो, टीव्हीचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत येत होता. दारातूनच म्हणालो, "बाबा, आवाज कमी करा, सारी गल्ली ऐकून राह्यली." त्यांनी टीव्ही बंदच केला आणि पुढे दोन महिने लावला नाही. जुने सिनेमे हा त्यांचा एकुलता एक शौक. विचारलं की म्हणायचे, डोळे दुखतात. डोळे ठणठणीत होते. मला माझीच लाज वाटायची.

कानाचं यंत्र त्यांना सोसत नव्हतं. शेवटी मागची रिकामी खोली सिनेमासाठी करायची ठरवली आणि ओळखीच्या सुतार मिस्त्रीला दाखवली. त्यानं टाळी वाजवून पाहिली. म्हणाला, उघड्या भिंतींमुळे आवाज घुमतो, शब्द एकमेकांत मिसळतात, म्हणून म्हातारा माणूस आवाज वाढवत जातो. भिंतींना शोभेचे पोकळ खांब लाव, आत मऊ काहीतरी भर, समोरून कापड ताण, ते घुमणारा आवाज पिऊन घेईल. लग्नसराईमुळे त्याला स्वतःला वेळ नव्हता. मीच करतो म्हटल्यावर तो हसला. त्या हसण्यानं मी हट्टाला पेटलो.

दर रविवारी प्लायवूड कापायचो. सात फुटी सहा खांब, वर-खाली नक्षीची पट्टी, समोर मरून कापड. आत भरायला राइस मिलमधून धानाचा भुसा आणला. बालाघाटात भुशाला काय तोटा? बाबा म्हणाले, उंदीर येतील. रामपायलीच्या शेतात वाढलेला माणूस सांगत होता आणि मी मोबाइलमध्ये पाहून त्यालाच शिकवत होतो.

उंदीर आलेच. भुशात तांदळाची कणी राहिली होती. आठवड्याभरात खालचं कापड कुरतडलं आणि खोलीभर भुसा झाला. हात दाखवून अवलक्षण! सहाही खांब उघडून रिकामे केले. बाबा दारात उभे होते. आता रागावतील असं वाटलं. पण म्हणाले, "तुह्या आईची गादी हाये माळ्यावर. उसव तिले."

आई गेल्यापासून त्या गादीला कुणी हात लावला नव्हता. मी त्यांच्याकडे पाहत राहिलो. "पाहून काय राह्यला? कापूस चांगला हाये," म्हणाले, आणि स्वतःच कात्री आणायला गेले.

कापूस पिंजून आणला, भरला, नवं कापड ताणलं. आता खांब भिंतीला टांगायचे होते, पण आधाराच्या लाकडी पट्टीसाठी भिंतीत ड्रिल घातलं की प्लास्टरच हातात यायचं. तीनदा खिळलेली पट्टी तीनदा निघाली. मग विटेत पार आत जातील असे लांब स्क्रू आणले, पट्टी घट्ट बसवली आणि खांब तिच्यावर वरून अडकवले. पुरे दोन रविवार गेले. सहावा खांब बसला तेव्हा मी त्याला लोंबकळून पाहिलं. हलला नाही.

संध्याकाळी बाबांना खुर्चीत बसवलं, त्यांच्या आवडीचा सिनेमा लावला आणि आवाज पूर्वीइतकाच मोठा ठेवला. ते पुढे झुकून ऐकत होते. नायिका दोन वाक्यं बोलली. बाबांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"हे काहून एवढे ओरडून राह्यले?" ते म्हणाले. "आवाज कमी कर जरा."

माझे डोळे भरून आले. मी आवाज कमी केला आणि त्यांच्याशेजारी खाली बसलो.