मनगटावरची ऱ्हस्व इ

इरा, टॅटू लेसरने काढून टाकताना गोंदवण्यापेक्षा जास्त दुखतं का, असं तू विचारलंस. दुखतं. मला हे एका जवानाने सांगितलं. त्याच्याबद्दल लिहिते.

मी तेव्हा मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये मेजर होते. पोस्टिंग उत्तरेकडे, डोंगरातल्या एका फील्ड हॉस्पिटलात. राउंड सकाळी साडेसहाला, ड्रेसिंग आठला. मराठी बोलायला एकच माणूस होता : लान्स नायक हरेश, ड्रायव्हर, खालापूरजवळच्या गावचा. मी कर्जतची आहे हे कळल्यावर म्हणाला, "मग तुमी आमच्याच की, मॅडम."

त्याने उजव्या मनगटावर जत्रेत 'आइ' गोंदवून घेतलं होतं. मी हसले. "अरे, आईची ई दीर्घ. पेपरात मार्क कापले असते." तोही हसला. पुढे मात्र हॉस्पिटलात आला की बाही मनगटापर्यंत ओढलेली असायची.

एकदा सुट्टीवरून परतला तो मनगटावर फोड घेऊन. पनवेलला लेसर करून आला होता, फक्त दुसऱ्या अक्षरावर.

"कशाला रं?"

"चुकीचं होतं ना, मॅडम. काढून नीट लिहून घेतो."

"दुखलं?"

"गोंदताना मुंग्या चावल्यागत. भजी खात बसलो होतो मी. लेसर म्हंजे कढईतलं तेल उडतं, एकाच जागी, सारखं. पण दोन मिनिटांत संपतं. अजून पाच-सहा वेळा जायचंय."

मी ड्रेसिंग केलं.

त्याला दोन महिने होत आले होते. मंगळवारी १४:१० वाजता फोन आला. गाडी दरीत गेली होती. आत दोघे : हरेश आणि दुसरा एक ड्रायव्हर. एक सापडला, दुसऱ्याचा शोध चालू होता.

१५:०५ ला स्ट्रेचर आलं. प्राण गेलेले. चेहऱ्यावरून ओळख पटत नव्हती. गळ्यातली आयडेंटिटी डिस्क नव्हती.

कमांडिंग ऑफिसर वायरलेसवर होते. "नाव द्या, मॅडम. खबर चुकीच्या घरी जायला नको."

मी उजवं मनगट पुसलं. 'आ' काळाभोर. शेजारी फिकट, ऱ्हस्व इ.

"लान्स नायक हरेश, सर."

"खात्री?"

"खात्री आहे."

दुसरा ड्रायव्हर संध्याकाळी जिवंत सापडला.

रिटायर होऊन कर्जतला, भिसेगावात राहायला आल्यावर मी एसटीने खालापूरला गेले. हरेशच्या आईला सगळं सांगितलं, माझं हसणंही.

"चुकलं व्हतं व्हय गं?" ती म्हणाली. "मला कुठं वाचाया येतं? त्यानं दाखवलं, आये, तुझंच नाव हाय. मी हात फिरवला." मग चुलीवर चहा ठेवत म्हणाली, "बरं झालं बाय, अर्दं तरी रायलं."

आता ती माऊलीही नाही. हरेशबद्दल बोलायला इथे मला कुणी उरलं नाही, म्हणून तुला लिहिलं.

टॅटू काढून टाकायचा की नाही ते तू ठरव. कुणी हसलं म्हणून काढून टाकू नकोस.

तुझ्या आईची हॉस्टेलवरून आलेली पत्रं मी लाल पेनने सुधारून परत पाठवायचे. तुझ्या मेसेजमध्ये 'आजि' लिहिलंयस. राहू दे तसंच.