मोडलेल्या मतदारसंघाची भिंत

सत्तरच्या दशकाअखेरीस मी एकोडीला मास्तर होतो. निवडणुकीत भिंती रंगवणारा एक म्हातारा रोज बसथांब्यावर दिसायचा. नव्या आखणीत आमचा मतदारसंघ मोडला, गाव दुसऱ्या मतदारसंघाच्या टोकाला गेलं, आणि उमेदवार इकडे फिरकेनात.

तो थांब्याच्या भिंतीचा चुना नखानं खरवडायचा. एकाखाली एक जुन्या उमेदवारांची नावं निघायची.

"हा दोनदा आला. हा एकदाच, पडला, मंग घरातून निघालाच नाही. सारे माह्याच हातचे."

दिवाळीआधी तो एकटाच ती भिंत चुन्यानं पोतताना दिसला.

"काहून पोतून राहिले, बाबा? आता कोण येते इथं?"

हातातला कुंचा न थांबवता तो म्हणाला, "आलाच कोणी, तं नावाले जागा पायजे ना, गुरुजी."