गोदाआत्याचं परस्थान

या सदरात भुताखेतांचे अनुभव लिहून पाठवणाऱ्यांची मी आजवर टिंगलच करत आलो. सोलापुरात माझं मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. जे बिघडतं त्याला कारण असतं आणि बॉनेट उघडलं की ते सापडतं — एवढाच माझा धर्म. तरीही आज लिहायला बसलोय, कारण चार वर्षं झाली आणि या एका गोष्टीचं कारण काही सापडत नाही...

माझी गोदाआत्या लहानपणीच विधवा झाली, पुढं शिकली आणि मुलींच्या शाळेत मास्तरीण झाली. पंचवीस वर्षं तिनं भूगोल शिकवला. फळ्यावर निळ्या खडूनं समुद्र रंगवायची, पण खरा समुद्र कधी पाहिलेला नव्हता. एके दिवशी तिनं जाहीर केलं — मुंबईहून आगबोटीनं कोलंबोला जायचं आणि परत यायचं. एकटीनं! काम नाही, यात्रा नाही, नुसतं बघायला. घरात रणकंदन माजलं.

"अगं, पण सोबत कोण तुला?" आमचे वडील ओरडले.

"समुद्र," आत्या म्हणाली आणि भाकरी थापायला लागली.

तिचा खर्चाचा अंदाज बघण्यासारखा होता. सहा वर्षं दुपारचा चहा बंद, वर संध्याकाळच्या शिकवण्या. वहीत बारीक अक्षरात सगळं — तिकीट, हमाल, कोलंबोतली गाडी, 'पोट ढवळल्यास लिंबं'. मुंबईपर्यंतच्या रेल्वेच्या भाड्यावर मात्र काट मारलेली. कारण एका वकिलांची जुनी मोटार विकायला मुंबईला पोचवायचं काम माझ्याकडं आलं होतं. "मागची बैठक रिकामीच जाणार ना रे, दत्तू? मग मी बसते की." मला तिचा भारी अभिमान वाटायचा, आजही वाटतो.

निघायचा शनिवार नेमका अमावास्येचा. आत्याला त्याचं काही नव्हतं, पण नरसम्माला होतं. नरसम्मा म्हणजे आत्याची जिवलग मैत्रीण, गावाबाहेर पुण्याच्या रस्त्याला राहणारी तेलुगू विणकरीण. त्याच्या दोन वर्षं आधी तिच्या कमरेखालून वारं गेलं होतं, तेव्हापासून ती खाटेवरच. आत्या तिच्याविषयी रोज बोलायची, पण मी तिला कधी पाहिलेलं नव्हतं.

"अवसेला निगायचं न्हाय," तिनं बजावलं. "बेस्तरवारी परस्थान ठिवा माज्याकडं."

निघायचा दिवस वाईट असला तर आधीच्या चांगल्या दिवशी सुपारी-हळकुंड फडक्यात बांधून वाटेवरच्या एखाद्या घरी ठेवायचं, आणि खरं निघताना उचलून न्यायचं — म्हणजे प्रवास चांगल्या दिवशीच सुरू झाला असं धरतात. आत्या हसली. "सुपारीला कुठं कोलंबोला जायचंय?" असं म्हणून या पंडिता बाईनं बोटीचं तिकीट आणि देवी टोचल्याचा दाखलाच त्या गाठोड्यात बांधला आणि नरसम्माच्या खुंटीला अडकवून आली!

शनिवारी सकाळी मोटार काही केल्या सुरू होईना. हँडल मारून माझे खांदे निखळायची वेळ आली. शेवटी गल्लीतल्या चौघांनी ढकलली तेव्हा कुठं धडधडली. "आता मधे थांबायचं नाव काढू नकोस!" मी आत्यावर ओरडलो. नरसम्माचं घर मागं पडलं. मला आठवण नव्हती, आणि आत्या वहीत पेट्रोलचा हिशेब करत होती.

मोडनिंबच्या अलीकडं रेडिएटर उकळला. आत्या खाली उतरली, पदर सारखा केला आणि तिथंच थबकली.

"दत्तू... परस्थान राहिलं."

बोट दुसऱ्या दिवशी दुपारी सुटणार. परत सोलापूर गाठून पुन्हा इथवर यायचं म्हणजे सत्तर मैल, तेही या खटाऱ्यानं. आणि तिकीट-दाखल्याशिवाय बंदरात पाऊल ठेवू देत नाहीत. सहा वर्षं पाण्यात, आणि चूक माझी. आत्यानं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि पाण्याचा डबा उचलला. "आधी विहिरीवरून पाणी आणते. रडायचं नंतर बघू."

मी बॉनेटमध्ये डोकं घालून उभा होतो. दहा वाजले असतील, लख्ख ऊन होतं.

"ओ मोटारवाले!"

वळून पाहिलं तर हिरव्या लुगड्यातली साठीची बाई. धाप लागलेली, डाव्या करंगळीचं टोक तुटलेलं, पाय गुडघ्यापर्यंत पांढऱ्या फुफाट्यानं माखलेले.

"बाई इसरल्या की वो! लई पळवता तुमी मोटार." तिनं माझ्या हातात गाठोडं ठेवलं.

"बसा, पाणी येतंय," म्हणत मी ते बैठकीवर ठेवायला वळलो. परत पाहतो तर रस्ता रिकामा! सरळसोट रस्ता, दोन्ही बाजूंना कापणी झालेली रानं. मांजर लपायला जागा नव्हती.

आत्या आली. करंगळीचं ऐकलं आणि तिनं डबा खाली ठेवला.

"उभी होती ती?"

"उभी काय, चालत आली!"

रेल्वेनं आली म्हणावं, तर कुर्डुवाडीला गाडी बदलून त्या वेळेत मोडनिंबला कुणी पोचूच शकत नाही. आणि ते पाय? मी असं बडबडत होतो, पण आत्या केव्हाच मोटारीत बसली होती. "चल दत्तू. ती एवढी चालली... आता आपण उशीर करायचा नाही."

दुसऱ्या दिवशी बंदरावरच्या डॉक्टरनं दाखला पाहिला आणि आत्या पत्र्याची ट्रंक घेऊन एकटी बोटीची शिडी चढली. गोऱ्या मडमांच्या रांगेत नऊवारीतली माझी आत्या! मी चारचौघांत रडलो, लपवत नाही.

परतल्यावर तडक नरसम्माकडं गेलो. खाटेवर बसून ती मागासाठी सुताच्या कांड्या भरत होती. तोच चेहरा, तीच करंगळी. खुंटी रिकामी होती.

"गाठोडं तुमीच न्हेलं न्हवं?" तिनं मलाच विचारलं. "त्या दिवशी मी लई झोपले बगा. सपनात नुसती चालत हुते."

तिची सून हळूच म्हणाली, "उठल्यावर पाय धुतलं मी त्यांचं. समदा फुफाटा. खाटंवरच्या माणसाच्या पायाला फुफाटा कुटनं येतो, सांगा की!"

तीन आठवड्यांनी आत्या आली ती एक बाटली घेऊन. कोलंबोच्या किनाऱ्यावर भरलेलं समुद्राचं पाणी. घरी न जाता आधी नरसम्माकडं. जमिनीवर बसली, नरसम्माचे पाय परातीत घेतले आणि त्यांवर ते पाणी ओतलं. दोन वर्षांत त्या पायांना टाचणी टोचली तरी कळत नव्हतं, मधल्या आठवड्यांत डॉक्टरनं माझ्यादेखत सुनेला तसं सांगितलं होतं.

नरसम्मानं एकदम आत्याचा दंड धरला.

"बाई... गार हाय की वो!"

ती त्यानंतरही कधी चालली नाही. ते गार लागणंही तेवढंच, त्या दिवसापुरतं. मोटार का उकळली ते मला माहीत होतं, पंख्याचा पट्टा सैल होता. बाकीचं कुणाला समजलं तर मला जरूर लिहा. आत्याला मात्र विचारू नका. ती म्हणते, "मैत्रीण होती माझी, आणखी काय कारण हवं तुला?"