न पाहिलेली हार

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोला नाही, दर्ग्यात दुआ मागतानाही नाही. तुम्हाला सांगतोय. का? कोण जाणे.

मिरजेत आमच्या पेठेचा फुटबॉल संघ होता. हरणारा. थोडाथोडका नाही, लय हरणारा. पगार देऊन बाहेरून दोन खेळाडू आणले, तर तेही आमच्यात येऊन हरायला शिकले! तरी मी आणि आनंदा सामना चुकवायचो नाही. मी शिंपी, तो पलटणीतला जवान; सुट्टी सामन्यांच्या हंगामातच काढायचा. लोक हसायचे — असल्या संघात काय ठेवलंय? आज वाटतं, सामना संपल्यावरची घरी यायची वाट होती ती. गोलकीपरच्या नावानं शिव्या, एक चहा दोघांत, आणि आनंदाचं ठरलेलं, "फुडल्या टायमाला बघ गड्या!" त्या वाटेसाठी मी दर वेळी हरायला तयार होतो.

चौऱ्याहत्तर साली कोल्हापूरच्या एका तगड्या संघाशी सामना पडला. नेमकी त्याच संध्याकाळी आनंदाची परतीची गाडी. म्हणाला, "तू बघ, अन् गाडी सुटायच्या आत ठेसनावर येऊन सांग. तुझ्या डोळ्यांनी मी बघितल्यागत हुईल."

आणि मी — मी गेलोच नाही. सांगलीला जाऊन सिनेमाला बसलो. एकट्यानं कोण हरणार? लोकांचे टोमणे एकट्यानं कोण ऐकणार? निकाल तर ठरलेलाच होता की!

सिनेमा सुटला तसा बस धरून थेट मिरज स्टेशनात. आनंदा खिडकीतून अर्धा बाहेर. "काय झालं रं?"

"तीन-शून्य. हरलो." वर तिखटमीठही लावलं — तिसरा गोल आपल्याच पोरानं आपल्यावर मारला म्हणून.

तो हसला. मग माझा खांदा दाबून म्हणाला, "एकट्यानं बघितलास न्हवं? लय जड गेलं आसंल." मलाच धीर दिला हो त्यानं! गाडी सुटली.

पेठेत शिरलो तर गुलाल. हलगी. आम्ही जिंकलो होतो — एक-शून्य. कुणीतरी मला गुलाल फासला आणि मी नाचलो. हो, नाचलो. लाज वाटते सांगायला. दुसऱ्या दिवशी दोन ओळी लिहून त्याला खरं कळवता आलं असतं. नाही कळवलं. मग सिनेमाचंही सांगावं लागलं असतं ना.

वर्षानं तो सुट्टीवर आला. चहाच्या हॉटेलात पोरं ओरडली, "आनंदा, लेका, आपण जिंकलो अन् तू न्हवतास!"

त्यानं माझ्याकडं पाहिलं. एकदाच. मग त्यांना म्हणाला, "ठावं हाय की. ह्यानंच सांगितलं मला, ठेसनावर."

तेव्हा तरी बोलायचं होतं. मी खाली मान घालून चहा ढवळत बसलो.

त्यानंतरही तो सामन्यांना यायचा, माझ्याशेजारीच बसायचा. संघ हरतच होता. पण घरी येताना शिव्या नाहीत, आणि चहा आपापला. एकदा त्याला यायला उशीर झाला. मी पहिल्या शिट्टीपासून तिथंच होतो. तो माझ्याशेजारी टेकला, आणि मला ओलांडून त्यानं पलीकडच्या माणसाला विचारलं, "किती झालं रं?"