पाच दगडांची ओळ

अवघड कविता म्हणजे शहाण्यांचे चोचले, सामान्यांनी त्या वाटेला जाऊ नये, असं कुणी म्हणालं की माझं डोकं सणकतं. हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा एक सामान्य बाई माझ्या शेजारीच बसली होती. ती माझी आई होती.

तेव्हा मी घाटंजीला बी.ए. करत होते. अभ्यासाला एक अशी कविता होती, की सगळ्या वर्गानं हात टेकले होते. 'पाच दगड जागे, आणि पांढऱ्यावर पांढरं शिंपत चाललेली ती.' सर म्हणाले, पाच दगड म्हणजे पंचेंद्रियं, पांढरं म्हणजे वैधव्य. आम्ही मुकाट लिहून घेतलं. गाईडातही तेच होतं.

घरी मी ती ओळ मोठ्यानं घोकत होते. आई सुपात तांदूळ निवडत होती. शाळेची पायरी न चढलेली, लोकांच्या वावरात कापूस वेचणारी माझी आई.

"हे त सीतादही हाय ना वं," ती म्हणाली. "पयल्या वेच्याच्या दिवशी वावरात पाच गोटे मांडून पुजतेत, अन् फुटल्या कापसावर दहीभात शिंपतेत. एवढंबी नाही समजत तुमच्या सरले?"

मग तिचा हात थांबला. "पण हे बाई एकटीच काहून शिंपून राह्यली? सीतादही एकटीनं नाही करत. इच्या संगच्या कुठं गेल्या?"

त्या एका प्रश्नानं मला अख्खी कविता कळली. ती सगळ्यांच्या मागे एकट्या उरलेल्या बाईची कविता होती.

सरांना सांगितलं तर ते हरखून गेले. रविवारी घरी आले, खाटेवर बसून चहा प्यायले, आईचं सगळं बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करून घेतलं. जाताना म्हणाले, "ताई, यवतमाळला चर्चासत्र आहे. तुमचं नाव घेऊनच सांगणार मी हे. तुम्ही यायचंच."

आईनं वेचणीला खाडा केला. ठेवणीतलं लुगडं नेसली. बसमध्ये तिनं हळूच विचारलं, "नाव घेतल्यावर उभं राहा लागते का वं?"

सर बोलायला उठले. सीतादही आलं, पाच दगड आले, संगच्या बायका कुठे गेल्या हा प्रश्नही आला, चांगल्या पुस्तकी मराठीत. हे सारं आपल्याला अनेक वर्षांच्या चिंतनातून गवसलं, असं ते म्हणाले. आणि शेवटी, "अशी कविता सामान्यांसाठी नसतेच. कापूस वेचणाऱ्या बाईला ती कळावी, ही अपेक्षाच चूक आहे."

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. आई खुर्चीच्या कडेला येऊन, पदर सावरून, अजून नावाची वाट पाहत होती.

सरांनी दगा दिला. केसानं गळा कापला. परतीच्या बसमध्ये मी हेच बडबडत होते, रडत होते.

"त्यायले लाज वाटली असंन मायं नाव घ्याची," आई म्हणाली. "पण टाळ्या त तूनंबी वाजोल्या."