खाष्ट सासूची मेथी

"हे सारं ठीक हाय भाऊ. पण तवा मी काय करून राह्यली?"

मी लिहिलेला कुठलाही सीन वाचून दाखवला की मावशीचा हा प्रश्न ठरलेला. कागदावर मी लिहिलेलं असायचं, 'सासू दारात उभी राहून सुनेला टाकून बोलते.' मावशी विचारायची, "उभी? रिकामी?"

"हो."

"भर दुपारी?"

"हो, मावशी."

"एवढी मोकळी बाई आपल्या गावात कोणती हाय, मले एकदा दाखवा. पाया पडून येते तिच्या."

आणि मग मी काही सुचवायच्या आत ती घरातून शेंगा, लसूण, तांदूळ असं काहीतरी घेऊन यायची, फतकल मारून बसायची आणि म्हणायची, "हां, आता बोला. कोणाले शिव्या द्याच्या हाय?"

अशी बाई तुम्हीही पाहिली असेल. माणूस गेल्याचं ऐकून आधी गॅस बंद करते आणि मग हंबरडा फोडते, ती. मी अशा बायांमध्येच लहानाचा मोठा झालो, पण लिहायला बसलो की त्यांच्यातली एकही मला आठवायची नाही. आठवायची ती टीव्हीतली.

लेखक मी लग्नामुळे झालो. एरवी पिंपळगाव राजात माझं बी-बियाण्याचं दुकान आहे. माझा साळा लग्नाचं शूटिंग करतो. नवरीला झाडाआडून डोकवायला लावणं, तिला नसलेली लाज लाजायला लावणं, यात त्याचा हात बसला आणि त्याने स्वतःला डायरेक्टर म्हणवून घ्यायला सुरुवात केली. मग मोबाईलवर पाहायच्या वऱ्हाडी व्हिडिओंचं चॅनल काढलं. बारशा-लग्नात मी गोष्टी सांगतो आणि चार माणसं हसतात. त्यातली दोन पाहुणी असतात, त्यांना हसावंच लागतं. एवढ्या पात्रतेवर बायकोने मला तिच्या भावाच्या हवाली केलं.

आमच्या व्हिडिओत बाया तीन प्रकारच्या. रडणारी, रडवणारी आणि चहा आणणारी. हा शोध माझा नाही. मोठ्या शहरातल्या मोठ्या लेखकांनी तो आधीच लावून ठेवला होता, मी फक्त वऱ्हाडीत आणला. पुरुषांना मात्र आम्ही भरपूर उद्योग दिले होते. शेती, राजकारण, दारू आणि शेवटी उपदेश.

रडणारी घरचीच होती, साळ्याची बायको. तिला तयारी करावी लागत नसे. साळ्याकडे एकदा पाहिलं की डोळे भरून येत. रडवणारी मात्र मिळेना. गावात सासवांना तोटा नाही, पण घरी रोज फुकट करतात ते काम कॅमेऱ्यापुढे करायला एकही तयार होईना.

मावशी आमच्या दुकानासमोरच्या गल्लीत राहायची. गावाबाहेर तिचा भाजीचा मळा, घरचं पाणी, हाताशी एकुलता एक मुलगा. दुकानात बियाणं घ्यायला आली की ती आधी भिंतीवरची पोस्टरं बघायची. एका पोस्टरवर कपाशीच्या शेतात एक बाई होती. कोरी करकरीत नऊवारी, लाल ओठ, दोन बोटांत धरलेलं कापसाचं बोंड.

"भाऊ, ही कापूस वेचून राह्यली, का देवाले फूल वाहून राह्यली?"

"जाहिरात आहे मावशी."

"हाव, पण वेचलेला कापूस टाकीन कशात? कमरेले ओटी नाही बांधली. अन् हासून काऊन राह्यली एवढी? ऊन लागलं का तिले?"

साळा तेव्हा दुकानात बसला होता. हा आवाज, ही नजर, ही जीभ! त्याला सासू सापडली.

मावशी गरीब बिचारी वगैरे नव्हती, हे आधीच सांगितलेलं बरं. तिला ते काम मनापासून आवडलं. शूटिंगच्या दिवशी ती तोंडाला इतकी पावडर लावायची, की साळा म्हणायचा, "मावशी, भुताचा सीन पुढच्या आठवड्यात हाय." स्वतःचा व्हिडिओ ती आवाज पूर्ण मोठा करून, ओट्यावर बसून, येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकू जाईल असा बघायची. "पाह्य, कशी बोलली मी! माह्या सासूची सासू शोभते!" शिव्या तर ती माझ्या लिहिलेल्या म्हणायचीच नाही. म्हणायची, "ह्या तुमच्या पुस्तकातल्या हाय. कोणाले लागनार नाही."

तिचा एक व्हिडिओ भलताच चालला. त्यात सून खाली मान घालून मेथी निवडते आणि सासू कमरेवर हात ठेवून ओरडते, "निघ माह्या घरातून!" असा सीन मी लिहिला होता. पण मावशी कमरेवर हात ठेवून उभी राहील तर ना! ती सुनेसमोर परातीपाशी बसली आणि तिथूनच तिने गर्जना केली. साळा वैतागला, "मावशी, हात दिसून राह्यले खाली. फ्रेम खराब होते." मावशी म्हणाली, "मंग होऊ दे खराब. तोंडच पाह्यतेत लोक." तिचं खरं होतं. लोकांनी तोंडच पाहिलं. पाहुण्यांच्या घरी, एसटीत, खामगावच्या बाजारात, जिथे-तिथे तिचं ते 'निघ माह्या घरातून' वाजायला लागलं.

आणि इथून मावशीची पंचाईत सुरू झाली.

तिच्या मुलाचं लग्न व्हायचं होतं. मुलगा सरळ, कष्टाळू, स्वतःचा मळा असलेला. म्हणजे हल्लीच्या बाजारात आधीच दोष असलेला. नोकरी नाही, शेती आहे, हे ऐकून निम्मी स्थळं फोनवरच सरायची. उरलेली निम्मी आता मावशीचा चेहरा पाहून सरायला लागली. एका ठिकाणी सगळं ठरत आलं होतं. पोरीच्या आजीने फोटो पाहिला आणि विचारलं, "ही तेच नाही का? सुनेले घराबाहेर काहाडते ते?" मध्यस्थ म्हणाला, आजी, ते नाटक आहे. आजी म्हणाली, "अंगात असल्याबिगर तोंडात येत नाही, बाबू."

गंमत बघा. त्याच व्हिडिओत दारुड्याचं काम करणारा आमचा एक दोस्त आहे. त्याच्या मुलाचं लग्न थाटात झालं. बापाने कॅमेऱ्यापुढे बाटली रिचवली म्हणून कोणी स्थळ मोडलं नाही. पुरुषाने केला तो अभिनय आणि बाईने केला तो स्वभाव, असा काहीतरी नियम असावा. तो कोणी केला माहीत नाही, पण पाळतात सगळे, आणि न सांगता.

मावशी दुकानात आली तेव्हा पोस्टरकडे पाहिलंही नाही. म्हणाली, "भाऊ, माह्या पोराचं मोडून राह्यलं तुमच्या पायी. एक चांगली सासू लिहा आता."

लिहिली. जीव ओतून लिहिली. सासू सुनेला म्हणते, "तू बस बाई, थकली असशील," आणि स्वतः चहा ठेवते. मावशीने त्यातही हातात लसूण घेतला होता. तो साळ्याने या वेळी काढून घेतला. व्हिडिओ टाकला आणि आम्ही वाट पाहत बसलो. पाहणारे आलेच नाहीत. जे चुकून आले त्यांनी खाली लिहिलं, 'मावशी आजारी आहे का?' एकाने लिहिलं, 'सुनेने काहीतरी खाऊ घातलं आहे, मावशी सांभाळून.' एका ताईंनी तर पुढच्या भागात सुनेचं पितळ उघडं पाडा म्हणून हात जोडून विनंती केली.

साळा म्हणाला, "भाऊजी, चांगल्या बाईले कोणी पाहत नाही. हा धंदा हाय."

मी म्हणालो, "मग आपण दाखवतो म्हणून ते तसं पाहतात, की..."

"ते पुण्यात बोला," साळा म्हणाला.

त्यानंतर चिखलीकडचं एक स्थळ आलं. पोरीकडचे शेगावला दर्शनाला येणार होते, तिथून घर पाहायला येतो म्हणाले. पोरगीही येणार होती. हल्ली पोरी येतात, घर बघतात, बाथरूमचा नळ उघडून बघतात. चांगलंच आहे. पोरं जास्त आणि पोरी कमी झाल्यावर आपल्याला ही समानता सुचली.

मावशीच्या मुलाने आईला आदल्या दिवसापासून बजावलं होतं. "माय, उद्या तू काहीच करू नको. नुसती बस. काम करतानी दिसली तर म्हणतीन, घरात कामाचा डोंगर हाय." शेजारी म्हणून आणि, खरं तर, गुन्हेगार म्हणून मलाही बोलावलं होतं. जाऊन बघतो तर मावशी खुर्चीत ताठ बसलेली. अंगावर रेशमी साडी, गळ्यात पोहेहार, हात मांडीवर, तोंडावर पावडर. मी इतके दिवस तिला जशी उभी करायला धडपडत होतो, अगदी तशी. हुबेहूब टीव्हीतली सासू. मला पहिल्यांदाच तिची भीती वाटली.

पाहुणे बसले. पाणी झालं, पोहे झाले, पावसापाण्याचं झालं. पोरीचा मामा मात्र चुळबुळत होता. शेवटी त्याने मोबाईल काढला आणि टेबलावर ठेवून तोच व्हिडिओ लावला. "निघ माह्या घरातून!" मोबाईलमधली मावशी किंचाळली. 

"ह्या तुम्हीच ना?" मामा म्हणाला.

"हाव. मीच."

"नाही, नाटक आहे ते समजतं आम्हाला. पण पोरीचा प्रश्न आहे, म्हणून..."

मी तोंड उघडलं. हे मी लिहिलं, दोष माझा, असं बरंच काही. मामाने माझ्याकडे असं पाहिलं की मी पोह्यातला दाणा शोधायला लागलो. मावशीचा मुलगा जमिनीकडे बघत होता. मावशीचे हात तेवढे मांडीवर वळवळत होते, पाण्याबाहेर काढलेल्या मासोळ्यांसारखे. त्या दिवशी तिच्याकडे सोलायलासुद्धा काही नव्हतं.

"मामा, तोंड नको पाहू. खाली पाह्य," पोरगी म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिने मोबाईल उचलला, व्हिडिओ मागे नेला आणि बोटाने पडद्याची खालची कड दाखवली. साळ्याच्या दृष्टीने फ्रेम जिथे खराब झाली होती, ती कड.

"पाह्य. ह्या शिव्या देऊन राह्यल्या, अन् सुनेच्या पुढची मेथी आपल्याकडे ओढून राह्यल्या. शिवी एक, जुडी एक. शेवटी सुनेपुढं काडी नाही उरली. ते नुसती रडून राह्यली आरामात."

खरंच की. तो व्हिडिओ मी लिहिला, साळ्याने काढला, अर्ध्या जिल्ह्याने पाहिला. ती परात आमच्यापैकी कोणाला दिसली नव्हती.

"आमच्या घरी आजी लय गोड बोलते," पोरगी पुढे म्हणाली. "बेटा, राणी, लक्ष्मी. अन् मेथी पंचवीस वर्षांपासून मायच निवडून राह्यली."

पोरीची आई बाजूलाच बसली होती. तिने पदर सारखा केला आणि खिडकीबाहेर बघायला लागली. मामाने मोबाईल खिशात घातला. आजी ही त्याच्या बहिणीची सासू. त्यामुळे तोही खिडकीबाहेर बघायला लागला.

मावशीचे डोळे भरले असतील असं तुम्हाला वाटेल. मी लिहिलं असतं तर नक्की भरले असते, मागे बासरीही वाजली असती. प्रत्यक्षात मावशी खुर्चीतून उठली, आत गेली आणि मेथीने भरलेली परात घेऊन रेशमी साडीनिशी खाली बसली.

"मी नाही निवडनार हं," पोरगी म्हणाली. "मले कंटाळा हाय मेथीचा. आधीच सांगून ठेवते."

"मंग तवा तू काय करून राह्यली?"

"भाकरी करीन. अन् मळ्याचा हिशोब पाहीन. मले जमते."

"निघ माह्या घरातून," मावशी म्हणाली, आणि पहिल्यांदा सगळे हसले. मामासुद्धा.

लग्न झालं. शूटिंग साळ्यानेच केलं. नवरीने झाडाआडून डोकवायला साफ नकार दिला, म्हणून तो व्हिडिओ त्याला आजही अपुरा वाटतो.

लग्नानंतर मावशी एकदा दुकानात आली, साळा बसलेला पाहून. म्हणाली, "आता असं लिहा भाऊ. सासू-सून दोघी कचाकचा भांडून राह्यल्या, अन् दोघी कामही करून राह्यल्या. आमचं रोज चालते तसं. चहाच्या टायमाले पुन्हा एक होतेत."

साळा म्हणाला, "मावशी, यात व्हिलन कोण?"

"नसन कोणी."

"मंग पाहीन कोण?"

मावशीने बियाण्याची पुडी पिशवीत टाकली. "मंग मी तिथं येऊन काय करू?" म्हणाली आणि गेली. पुन्हा शूटिंगला आली नाही. समोरच राहते. सकाळी दोघींचे आवाज दुकानापर्यंत येतात. ते ऐकत मी कधीतरी लिहायला बसतो, पण साळा म्हणतो त्यात दम नाही.

नवी सासू त्याने बुलढाण्याहून आणली. लांब नखं, वर चढवलेली एक भुवई, हाताची घडी. सांगितलं तिथे उभी राहते, लिहिलं तेवढं बोलते. मी सीन वाचून दाखवला की "ओके सर" म्हणते. लोकांना ती फार आवडते. दुसऱ्या व्हिडिओला साळ्याने आठवणीने तिच्यासमोर मेथीची परात ठेवली होती. मावशीच्या व्हिडिओत होती, म्हणजे ती शुभ असणार. दिवसभर शूटिंग झालं. संध्याकाळी सगळे निघून गेले तेव्हा परात तशीच होती, एक काडीही न तुटलेली, उन्हाने मलूल झालेली.

टाकवेना, म्हणून घरी घेऊन आलो.

बायको सोफ्यावर पाय वर घेऊन आमचा आधीचा व्हिडिओ बघत होती. मोबाईलमध्ये नवी सासू ओरडत होती. बायकोने माझ्या हातातल्या मेथीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, उठेल. ती उठली नाही.

मी खाली बसलो आणि पहिली जुडी सोडली.

"आवो," ती पडद्यावरून नजर न काढता म्हणाली, "जाड काड्या नका घेऊ."

आणि मावशीचा 'तवा तू काय करून राह्यली?' हा प्रश्न माझ्या अगदी ओठांवर आला होता. पण मी तो गिळला आणि पुढची जुडी घेतली.